पूल कोठून पडतो?

पूल पडलाच तर तो वरच्या भाराने पडेल, अशी सामान्य माणसाची समजूत असते. एखादी अवजड मालमोटार जुन्या पुलावरून जाऊ लागली की पादचारी कठड्याला खेटून उभे राहतात व ती पलीकडे गेली म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुलाच्या तोंडाशी भाराची मर्यादा सांगणारा फलक असतो, तोही हीच समजूत दृढ करतो. ही समजूत अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु पडलेल्या पुलांचा इतिहास अभ्यासकांनी जेव्हा बारकाईने तपासला, तेव्हा नदीवरील पूल पडण्याचे सर्वांत नित्याचे कारण वरचा भार नसून खालचे पाणी होय, असे त्यांस आढळून आले. माणूस भार घालतो तो डोळ्यांदेखत. नदी आपले काम करते ते दृष्टीआड. या दृष्टीआडच्या कामाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय दूरचा नाही. सन २०१६ च्या ऑगस्ट महिन्याच्या २ तारखेस रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी कमानींचा पूल महापुरात वाहून गेला. तो इंग्रजी अमदानीतील होता. अंधार, मुसळधार पाऊस आणि समोर रस्ता नाही हे कळण्यास काहीच साधन नाही, अशा स्थितीत एस. टी. च्या दोन गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. जवळच वाहनदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थाच्या ध्यानी हा प्रकार आला व त्यांनी पुढची वाहने थोपविली. नाहीतर आणखी किती बळी गेले असते ते सांगवत नाही. पाण्याचा लोंढा एवढा होता की, बुडालेल्या गाड्यांचा ठिकाणा लागण्यासही कित्येक दिवस लोटले. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचे आढळले होते, असे शासनाकडून सांगण्यात आले.

मे महिन्यात जो पूल धडधाकट दिसतो, तो ऑगस्टमध्ये पाहता पाहता नाहीसा कसा होतो? हा प्रश्न एका महाडच्या पुलापुरता नाही. देशोदेशींच्या स्थापत्यशास्त्रज्ञांस तो पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम नदीच्या तळाशी काय घडते ते पाहिले पाहिजे.

आमच्यापैकी जे समुद्रकाठी राहतात त्यांनी हा अनुभव घेतलेला असेलच. लाट येऊन परत फिरते त्या वेळी ओल्या वाळूत स्थिर उभे राहावे. क्षणार्धात टाचेखालची वाळू सरकू लागते, पायाभोवती खळगा पडतो आणि मनुष्य मागे कलतो. पाय हलविलेला नाही, कोणी धक्का दिलेला नाही, तरी तोल गेला. कारण ज्यावर उभे राहिलो ते पाण्याने काढून नेले. पुलाच्या खांबाची नदीत हीच अवस्था होते. या क्रियेस स्थापत्यशास्त्रात ‘स्कावर’ अशी संज्ञा आहे. आपण तीस पायाजवळची धूप म्हणू.

ही धूप होते कशी? वाहत्या पाण्याचा वेग वरच्या बाजूस अधिक व तळाशी कमी असतो. असे पाणी खांबाच्या तोंडावर आदळले म्हणजे त्यातील काही भाग खांबाच्या अंगाने खाली घसरतो, तळाला जाऊन भिडतो आणि तेथून वळून खांबाच्या दोन्ही अंगांनी पुढे निघतो. त्यामुळे खांबाच्या बुडाशी घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक भोवरा तयार होतो. सुताराच्या गिरमिटाप्रमाणे हा भोवरा तळ कोरीत राहतो. शिवाय पुलाच्या खांबांनी व दोन्ही काठांच्या भरावांनी नदीचे पात्र अरुंद झालेले असते. तेवढेच पाणी कमी जागेतून जावयाचे म्हणजे त्यास वेग वाढविणे भाग पडते. वेग वाढला म्हणजे किती फरक पडतो हे पाहण्यासारखे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला असता ते चौसष्ट पट वजनाचा दगड ढकलू शकते, असा एक जुना स्थूल नियम आहे. उन्हाळ्यात जी नदी वाळूचा कण हलवीत नाही, तीच पुरात माणसाच्या डोक्याएवढे धोंडे गडगडत कशी नेते, याचे रहस्य या नियमात आहे.

पुरात वाहून आलेली झाडे, ओंडके, बांबूंची बेटे खांबांना अडकली की संकट दुणावते. खांब जणू रुंद होतो, भोवरा मोठा होतो आणि खळगा अधिक खोल जातो.

आता या सर्वांत फसवी गोष्ट कोणती ती सांगतो. पूर चढत असताना खांबापाशी पडलेला खळगा पूर उतरत असताना पुन्हा भरून येतो. पाणी मंदावले की त्याने आणलेला गाळ व वाळू त्याच खळग्यात बसते. चार दिवसांनी पाणी निवळल्यावर पाहणारा तेथे गेला, तर त्यास तळ पूर्वीसारखाच सपाट दिसतो. परंतु पूर्वीची माती शतकानुशतके दबून घट्ट झालेली होती. आताची भर सैल आहे व पुढच्या पुरात ती सर्वांत आधी निघून जाणार आहे. म्हणून कोरड्या ऋतूत नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी खोटी नसली तरी अपुरी असते. डोळ्यांस दिसतात त्या कमानी, कठडे, भेगा. पुलाचे आयुष्य मात्र पुष्कळदा जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथे ठरते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी नावाच्या लहानशा नदीवर एका मोठ्या हमरस्त्याचा पूल होता. तो १९५४ च्या सुमारास बांधून पुरा झाला. त्याचे खांब खोल पायावर नव्हते; तळातील कठीण मातीवर रुंद बैठका टाकून ते उभारले होते आणि त्या बैठकांभोवती रक्षणासाठी मोठे दगड रचले होते. १९५५ मध्ये, म्हणजे पूल नवा असतानाच, मोठा पूर आला व त्यातील पुष्कळ दगड हलले. ते जसे हवे तसे पुन्हा रचले गेले नाहीत. पुढे पुलाच्या वरच्या भागाची पाहणी नियमाने होत राहिली, परंतु पाण्याखाली उतरून बैठकांची अवस्था कोणी पाहिली नाही. तीस वर्षे नदीने वाट पाहिली. ५ एप्रिल १९८७ रोजी सकाळी बर्फ वितळल्याने व पावसाने आलेल्या पुरात एका खांबाखालची माती निघून गेली, खांब खचला, वरचा रस्ता कोसळला आणि दहा माणसे प्राणास मुकली. चौकशीत खांबाखाली सुमारे तीन मीटर खोलीचा खळगा आढळला. काही गाडाभर दगड वेळेवर परत रचले असते, तर त्या दहा जणांस आपापल्या घरी जाता आले असते. मात्र त्या देशाने या घटनेपासून धडा घेतला. नदीवरील प्रत्येक पुलास धुपीचा धोका किती, हे तपासण्याचे काम पुढच्याच वर्षी हाती घेण्यात आले.

वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याचा दृष्टान्त आमच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. पाऊस पडला, पूर आले आणि ते घर पडले. पण पूल बांधणाऱ्यास नेहमीच खडक मिळतो असे नाही. कोकणातील किंवा दख्खनच्या पठारावरील नद्यांत थोडे खणले म्हणजे काळा कातळ लागतो. गंगा, ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांत शेकडो फूट गाळच गाळ. तेथे वाळूतच पाया घालावा लागतो, आणि तरीही तो पुरात टिकला पाहिजे. हे साधावयाचे तर नदी किती खोल खणेल हे आधी कळले पाहिजे, व नदीच्या खणण्याच्या मर्यादेपलीकडे पाया नेला पाहिजे.

या विद्येत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे स्थान आमच्या पुण्याजवळच आहे. विहिरीसारखा पोकळ पाया बांधून, त्याच्या आतील माती उपसून, तो स्वतःच्याच वजनाने खाली खाली उतरवीत नेण्याची युक्ती हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आली आहे. ताजमहालाच्या पायाखालीही अशा विहिरी आहेत. रेल्वेचे मोठमोठे पूल बांधताना इंग्रज स्थापत्यशास्त्रज्ञांनी हीच पद्धत स्वीकारून वाढविली. पद्मा नदीवरील, सध्या बांगलादेशात असलेला, हार्डिंग पूल १९१५ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला. त्याच्या पायाच्या विहिरी नदीच्या नीचतम पातळीखाली सुमारे दीडशे फुटांहून अधिक खोल नेलेल्या आहेत.

संयुक्त प्रांताच्या पाटबंधारे खात्यातील जेरल्ड लेसी या अभियंत्याने गाळाच्या पात्रातून वाहणाऱ्या पाण्याचा अभ्यास करून १९३० मध्ये आपले नियम प्रसिद्ध केले. त्यांतील एकाचा सारांश असा: पुराचे पाणी जितके अधिक व तळाची वाळू जितकी बारीक, तितका प्रवाह खोल जातो. परंतु पाणी आठपट झाले तर खोली आठपट न होता दुप्पट होते. या नियमाने अभियंत्याच्या हाती एक मोजपट्टी आली. तथापि नियम होता तो मोकळ्या प्रवाहाचा. त्यात खांब उभा केला म्हणजे काय होते?

हे पाहण्याचे काम खडकवासल्याच्या संशोधन केंद्राने केले. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी सुरू केलेल्या एका लहान शाखेतून हे केंद्र वाढले आणि आज ते केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र या नावाने ओळखले जाते. सर क्लॉड इंग्लिस हे तेथे पुष्कळ वर्षे प्रमुख होते. हार्डिंग पुलाकडे नदीचा प्रवाह सरळ यावा म्हणून काठाने बांधलेल्या बंधाऱ्यास १९३३ मध्ये पुराने मोठे भगदाड पाडले, तेव्हा त्या नदीची लहान प्रतिकृती येथे तयार करून प्रयोग करण्यात आले. पद्मेसारखी महानदी पुण्याजवळच्या वाळूच्या अंगणात वाहविली गेली, असे म्हणावयास हरकत नाही! असे प्रयोग व प्रत्यक्ष पुलांजवळची मापे यांवरून इंग्लिस यांनी असा निष्कर्ष काढला की, खांबापाशी पुराच्या पातळीपासून मोजलेली खोली ही लेसीच्या नियमाने येणाऱ्या खोलीच्या सुमारे दुप्पट धरावी. आजही आपल्या देशातील पुलांचे पाये ठरविताना हा दुपटीचा नियम उपयोगात आणतात, व पाया त्याच्याही एक तृतीयांश अधिक खोल नेतात. हे जे एक तृतीयांश अधिक, ते माणसाच्या नम्रतेचे माप होय. आपल्या गणितापेक्षा नदी मोठी असू शकते, हे त्यात कबूल केलेले आहे. २०२२ मध्ये त्याच पद्मेवर खुल्या झालेल्या नव्या पुलाचे पोलादी खुंट तर सुमारे १२० मीटर खोल ठोकलेले आहेत.

पाया खोल नेणे हा नव्या पुलाचा उपाय झाला. जुन्या पुलांचे काय? ते पाडून सर्वत्र नवे बांधावेत एवढा पैसा कोणत्याच देशापाशी नाही; आणि असला तरी ते शहाणपणाचे नव्हे. जगात हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूपैकी सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. हवामान तापविणाऱ्या या वायूमुळे अतिवृष्टीचे प्रसंग वाढत आहेत आणि तीच अतिवृष्टी पुलांच्या मुळावर येते. म्हणून जो पूल सांभाळून आणखी पन्नास वर्षे चालविता येईल, तो सांभाळणे हे पैशाच्या, पृथ्वीच्या व पुढच्या पिढीच्या अशा तिहेरी हिताचे आहे. आमच्या आजीबाई जुन्या लुगड्याची गोधडी शिवीत, त्यात दारिद्र्यापेक्षा विवेक अधिक होता.

सांभाळण्याचे उपाय साधे आहेत. खांबाच्या बुडाशी मोठे, जड दगड रचून पिचिंग करणे हा एक. नदीच्या काठाशी दगडांचा एक सैल पट्टा पसरून ठेवणे हा दुसरा, आणि त्यातील युक्ती मोठी मनोरंजक आहे. नदीने त्या पट्ट्याच्या कडेखालची माती खाल्ली की वरचे दगड आपोआप खळग्याच्या उतारावर घरंगळतात व तो उतार झाकून टाकतात. म्हणजे नदी स्वतःच आपल्या हाताने आपल्याला बांध घालते. ते दगड वर्षानुवर्षे काहीच करीत नाहीत, नुसते वाट पाहत पडून असतात. पण ज्या दिवशी गरज लागते त्या दिवशी ते जागेवर असतात. तिसरा उपाय निषेधाचा आहे. पुलाजवळ वाळूचा उपसा होऊ देऊ नये. वाळू काढली की नदीचा तळ खाली जातो आणि ज्या पायाने अजून शंभर वर्षे मातीत झाकून राहावयाचे, तो उघडा पडतो. रात्री चोरून नेलेल्या वाळूच्या प्रत्येक ट्रकाबरोबर पुलाच्या आयुष्यातील काही दिवस जातात, हे गावकऱ्यांनी ओळखले पाहिजे.

आता पाळतीविषयी. जे डोळ्यांस दिसत नाही ते पाहण्याची साधने शास्त्रज्ञांनी शोधून काढली आहेत. पाण्यात ध्वनीच्या लहरी सोडून, तळावरून त्या परत येण्यास लागलेल्या वेळावरून, भर पुरातही खोली मोजता येते. खांबालगत तळात एक लोखंडी दांडा रोवून त्यावर सैल कडे घालतात. तळ धुपत गेला की ते कडे दांड्यावरून खाली उतरते, आणि पूर ओसरून खळगा पुन्हा भरला तरी कडे तेथेच गाडलेले राहते. त्या पुरात नदी कोठवर खोल गेली होती याची साक्ष ते देते. काही ठिकाणी लहान संदेशयंत्रे ठराविक खोलीवर वाळूत पुरून ठेवतात, धूप तेथवर पोहोचली की यंत्र सुटून पाण्यावर तरंगते व बिनतारी संदेश पाठविते: “पूल बंद करा.”

बंद करा, हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. महापुराविरुद्ध कोणताही पूल अमर आहे अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही. पण पूल पडला तरी माणूस वाचावा, एवढे आपल्या हातात असते. कोकण रेल्वेची व्यवस्था या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडमातीवर गाडी आदळून ५१ माणसे मृत्यू पावली, व पुढच्याच वर्षी जूनमध्ये महाड तालुक्यात पुन्हा तसाच अपघात झाला. त्यानंतर डोंगरांचे उतार बांधून काढणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात गाड्या कमी वेगाने चालविणे व गस्त वाढविणे हे उपाय नेटाने करण्यात आले. काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील रेल्वेपुलांजवळ पाण्याची पातळी सांगणारी यंत्रे बसविली आहेत. पाणी धोक्याच्या खुणेपर्यंत चढले की वाहतूक थांबविण्याची सूचना मिळते. पावसाळ्याचे वेळापत्रक लागले की गाडीला उशीर होतो म्हणून आम्ही प्रवासी कुरकुरतो. पण तो उशीर म्हणजे ५१ माणसांच्या मरणातून शिकलेला धडा आहे, हे विसरतो.

पडल्यावर लवकर उभे राहणे हाही एक गुणच आहे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमकडे जाणाऱ्या पांबनच्या समुद्रपुलाच्या बहुतेक तुळया समुद्रात गेल्या. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. समुद्राच्या तळाशी पडलेल्या तुळया शोधून, वर काढून पुन्हा वापरल्या, म्हणूनच हे साधले. पुढे त्या पुलावर वारा मोजणारे यंत्र बसविण्यात आले. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरपलीकडे गेला की सिग्नल आपोआप तांबडा होत असे. महाडलाही नवा पूल एका वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला झाला. माणसाच्या हातून एवढ्या त्वरेने काम होऊ शकते, ही गोष्ट अभिमानाची आहे. मात्र जी त्वरा दुर्घटनेनंतर दाखविता येते, तिचा दहावा हिस्सा आधी दाखविता आला, तर केवढे दुःख टळेल!

आणि पूर तर यावयाचेच. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि सह्याद्रीचा कडा उतरून थोड्याच अंतरात महाडला येते. वर पडलेला पाऊस खाली पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी संपलेल्या नव्हे, तर त्या दिवसापासूनच्या एका अहोरात्रात महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. महाड व चिपळूण ही दोन्ही गावे पाण्याखाली गेली व चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचून महामार्ग बंद पडला. अशा पावसाचे दिवस वाढतील तर पूल बांधणाऱ्यांनी आपले जुने आकडे पुन्हा तपासून पाहिले पाहिजेत, आणि पूल वापरणाऱ्यांनी आपल्या जुन्या सवयी.

या सवयींविषयी दोन शब्द लिहून लेख पुरा करतो, कारण येथे आमचा सर्वांचा संबंध येतो. आमच्या शाळांतील कितीतरी मुले पावसाळ्यात साकवावरून, फरशीवरून किंवा जुन्या मोरीवरून ओढा ओलांडून शिकावयास येतात. फरशीवर घोट्याएवढे पाणी असले तर “एवढ्याने काय होते” असे आपण म्हणतो. वाहत्या पाण्याला घोटा पुरतो. सुमारे १५ सेंटिमीटर खोलीच्या वेगवान पाण्यात मोठ्या माणसाचेही पाय सुटतात. ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटारगाडीस सरकवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी अजून आहे की वाहून गेली, हे काठावरून दिसत नाही. म्हणून फरशीवरून पाणी वाहत असेल त्या दिवशी मुलाने घरी राहावे, किंवा शाळेत असेल तर शाळेतच थांबावे. आणि पालकांनी व शिक्षकांनी त्यास त्याबद्दल एका शब्दानेही बोलू नये. बुडालेला धडा दुसऱ्या दिवशी शिकविता येतो.

एस. टी. चा चालक पुराच्या काठावर गाडी उभी करतो, तेव्हा “बाकीचे गेले, तुम्हीच का थांबलात?” असे त्यास टोचणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. त्या घटकेला तो चालक आपले कर्तव्य करीत असतो व आपण त्याच्या कर्तव्याच्या आड येत असतो. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी साकव सहल करणाऱ्यांच्या गर्दीने कोसळून चार माणसे गेली. तो पूल धोकादायक असल्याची सूचना तेथे लावलेली होती. शास्त्राने सांगावयाचे ते सांगितले होते, ऐकणारे नव्हते.

विद्यार्थ्यांस आणखी एक काम सुचवितो. आपल्या वाटेवरच्या पुलाशी ओळख करून घ्या. पाण्यात न उतरता, काठावरून, दिवसाउजेडी पाहा. खांबावर पाण्याची पातळी दाखविणारे आकडे रंगविलेले आहेत काय? दगडांच्या सांध्यांतून पिंपळ किंवा वड उगवला आहे काय? त्याची मुळे आज दोऱ्याएवढी असली तरी पुढे दगड फोडतील. खांबांना गतवर्षीचे ओंडके अडकून राहिले आहेत काय? उन्हाळ्यात पाया उघडा पडलेला दिसतो काय? जवळून वाळू नेली जाते काय? जे दिसेल ते तारखेनिशी वहीत टिपून ठेवा, वडील मंडळींस दाखवा आणि त्यांच्याकरवी ग्रामपंचायतीस किंवा बांधकाम खात्यास लेखी कळवा. अशी वही वर्षानुवर्षे पुढच्या वर्गाकडे सोपविली गेली, तर पाच-दहा वर्षांत त्या पुलाची जी हकीकत जमेल ती एखाद्या सरकारी दप्तरातही सापडणार नाही.

पूल बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर कोरतात. वेळच्या वेळी पिचिंगचे दगड रचणाऱ्या मजुराचे, भर पावसात कंदील किंवा विजेरी घेऊन रुळांवरून चालणाऱ्या गस्तवाल्याचे, पूर पाहून गाडी थांबविणाऱ्या चालकाचे नाव कोणी कोरीत नाही. त्यांचे काम यशस्वी झाले म्हणजे काहीच घडत नाही; आणि जे घडले नाही त्याची बातमी होत नाही. परंतु आपण सुखरूप पलीकडे पोहोचतो ते पुष्कळदा अशांच्याच जिवावर. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या अभियंते होतील, काही चालक, काही ग्रामपंचायतीचे सभासद. जे दिसत नाही त्याचीही काळजी वाहणारे हात त्यांचे असोत, एवढीच आमची इच्छा आहे.